हां देणारा पोसू

पोसू माझ्याशी बोलायला आला की कधी समोर उभा राहिला नाही. मी शाळेच्या ओट्यावर बसलेला असे. तो माझ्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागं उभा राही, मान थोडी खाली घाली आणि उजवा कान माझ्याकडं करी. सुरुवातीला मी त्याला दोन-चारदा सुनावलं, की अरे, माणसानं समोर यावं, बोलणाऱ्याला तोंड दिसावं. तो मुकाट्यानं समोर येई आणि बोलता बोलता सरकत सरकत पुन्हा आपल्या जागी जाई. वाटेनं बरोबर चालतानाही तेच. उजवा हात दुसऱ्याचा, डावा त्याचा. शेवटी मीच नाद सोडला.

मी मूळचा घाटावरचा. बदली होऊन दहिवलीच्या शाळेवर आलो तेव्हा इथलं बोलणं माझ्या कानाला खुपत असे. हाय, नाय, आमी, तुमी. ‘ह’ कुठं नको तिथं धरायचा आणि हवा तिथं गिळायचा. शुद्ध भाषा म्हणजे आपण बोलतो ती, आणि बाकीच्यांनी ती आपल्याकडून शिकायची, असा माझा तेव्हा पक्का समज होता. मास्तरकीचा ताठा दुसरं काय. या ताठ्याची किंमत मी दिली नाही, दुसऱ्यांनी दिली, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

पोसू बोरघोळचा. दहिवलीहून दोन कोसांवर, कड्याच्या पायथ्याला चाळीस-पन्नास उंबऱ्यांचं ते गाव. पोसूची थोडी भातजमीन, बायको, एक मुलगी. उंच, वाळका, ओठ आत ओढलेले. अकरा महिने त्याच्याकडं कुणी ढुंकून पाहत नसे. शिमगा आला की मात्र तो आणि चांगो यांच्यावाचून पंचक्रोशीचं पान हलत नसे. आधीच उल्हास त्यात फाल्गुनमास, ही म्हण आमच्या उल्हास नदीच्या काठीच निघाली असणार, असं मी तेव्हा थट्टेनं म्हणत असे.

त्या दोघांची बतावणी असे. दिवसाउजेडी, दारोदार, अंगणात उभं राहून. चांगो ठेंगणा, गोल, तोंडाचा फटकळ. तो सांगणारा. त्याच्या डाव्या बाजूला अर्धं पाऊल मागं पोसू. तो हां देणारा. चांगो सांगे की आमच्या म्हशीनं आगगाडीला टक्कर दिली. पोसू म्हणे, हां. इंजिन घाबरून उलट्या पावली घाट चढलं. हां. गोरा गार्ड खाली उतरला आणि म्हशीच्या पाया पडला. हां. त्याच्या त्या हां नाना परीच्या होत्या. एक ओढलेली, एक आखूड, एक विचारात पडलेली, एक अंगावर काटा आल्यासारखी. चांगोच्या थापा चढत जात आणि पोसूच्या हां त्यांच्याबरोबर चढत. सगळं सांगून झालं की चांगो मान वळवून विचारी, “खरं का रं, पोसू?” पोसू जरासा थांबे. तेवढ्यात अंगण गप्प होई. मग तोंडावरची रेषही न हलवता तो म्हणे, “समदं खोटं.” आणि लोक पोट धरून हसत. दरवर्षी तेच दोन शब्द, दरवर्षी तेच हसू. लोधिवलीपासून लोक ऐकायला येत.

मी एकदा चांगोला म्हटलं, की अक्कल सगळी तुझी, हा नुसता हांजी हांजी करतो. चांगोला ते आवडलं नाही. तो म्हणाला, “सांगनारा कुनीबी व्हतो, मास्तर. हां देनारा मिळत नाय.” मला ती त्याची नम्रता वाटली.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी दोघं होळीत उभी करायची सावर, म्हणजे काटेसावरीचं झाड, तोडायला रानात गेले. पूर्वी कुणी विचारत नसे, पण तोवर रान सरकारी झालं होतं आणि त्यावर राखणदार बसला होता. त्याची आणि चांगोची बोलाचाली झाली. ती गावातल्या गुराख्यांनी लांबून ऐकली. तिसऱ्या दिवशी राखणदार कड्याखाली मेलेला सापडला. डोकं फुटलं होतं. कड्यावरून पडलेल्याचं डोकं फुटतंच, पण ते तेव्हा कुणी बोललं नाही.

चौकशीला बाहेरून एक फौजदार आला आणि बोरघोळच्या चावडीत उतरला. त्याचा कारकून हिवतापानं पडला होता. जबान्या लिहायला मोडी भराभर लिहिणारा माणूस हवा म्हणून पाटलानं मला बोलावणं पाठवलं. खरं सांगायचं तर मी हुरळलो. फौजदाराच्या शेजारी सतरंजीवर बसायला मिळणार म्हणून धुवट उपरणं घेऊन गेलो.

फौजदार वाईट माणूस नव्हता. थकलेला होता, आणि काय घडलं असेल ते त्यानं मनाशी जुळवून ठेवलं होतं. चांगोला पाटलाच्या गोठ्यात बसवून ठेवलं होतं, तिथं चावडीतलं बोलणं ऐकू येण्यासारखं नव्हतं. पोसूला आत आणलं. तो थेट फौजदाराच्या डाव्या बाजूला जाऊन अर्धं पाऊल मागं उभा राहिला. शिपायानं दंडाला धरून त्याला समोर आणलं. फौजदार बोलू लागला तसा तो पुन्हा सरकला. पुन्हा शिपायानं ओढला.

“तू आणि चांगो सावर तोडायला रानात गेलात,” फौजदार म्हणाला.

“हां.”

“तिथं राखणदार आला. त्यानं कुऱ्हाड मागितली.”

“हां.”

“चांगोनं कुऱ्हाड उलटी धरून त्याच्या डोक्यात घातली.”

इथली हां जरा खालच्या सुरात आली, अंगावर काटा आल्यासारखी. मी ती ऐकली. शिमग्यात हीच हां ऐकून मी हसलो होतो, तरी माझा बोरू थांबला नाही.

“आणि मग त्याला कड्यावरून ढकललं.”

“हां.”

जबानी लिहायची तेव्हाची रीत अशी, की विचारणाऱ्याचं बोलणं कागदावर घ्यायचं नाही. सगळं साक्षीदाराच्याच तोंडी घालायचं. मी लिहिलं, की मी पोसू, मौजे बोरघोळ, लिहून देतो की मी व चांगो असे रानात गेलो, चांगोने राखणदाराचे डोक्यात कुऱ्हाड घातली व त्यास कड्यावरून ढकलले, हे मी समक्ष पाहिले. अक्षर वळणदार आलं होतं. बोलणं दोघांचं होतं, कागदावर ते एकट्याचं झालं. आणि बोललेलं सगळं ज्यानं काही सांगितलं नव्हतं त्याच्या नावावर पडलं.

मग मी ते वाचून दाखवलं. पोसूनं प्रत्येक वाक्याला हां दिली. वाचून संपलं तेव्हा तो तोंड अर्धवट उघडं ठेवून फौजदाराकडं बघत राहिला. मला वाटलं, घाबरला. फौजदार मला म्हणाला, निशाणी करून घ्या. कुळवाड्याची निशाणी नांगर. मी त्याच्या हातात बोरू दिला आणि त्यानं फार जपून, ईस-रुमणं, दांडी-मूठ सगळं दाखवून एक लहानसा नांगर काढला. खाली मी माझी सही केली.

जिल्ह्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. मी गेलो नव्हतो. पाटील गेला होता, त्यानं येऊन सांगितलं. कोर्टानं पोसूला विचारलं, सदर जबानीतील मजकूर तुझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे काय? पोसूनं हां दिली. तेव्हा चांगो पिंजऱ्यातून म्हणाला, “सायेब, त्यो बोलत नाय. त्यो ऐकतोय.” लोक हसले, असं पाटील म्हणाला. पाटीलही सांगताना हसला. चांगोला जन्मठेपेचं काळं पाणी झालं.

त्याला आधी पुण्याच्या तुरुंगात नेणार होते. घाट चढायला मागं इंजिन जोडण्यासाठी गाडी कर्जतला बराच वेळ उभी राही, हे सगळ्यांना ठाऊक. त्या दुपारी बोरघोळची पाऊणशे माणसं फलाटाशी जमली. मीही गेलो. चांगो डब्याच्या खिडकीशी बसला होता, दोन्ही बाजूंना शिपाई होते. त्याची बायको ठमी भाकरीचं फडकं घेऊन पुढं झाली, पण शिपायानं हात आडवा केला. चांगो तिच्याशी थोडंसं बोलला, शेताचं काहीतरी. मग तो गर्दीत कुणाला तरी शोधू लागला. पोसू सगळ्यांच्या मागं, वखारीच्या भिंतीला टेकून उभा होता. चांगोनं त्याला पाहिलं आणि अंगणात लावत असे तोच आवाज लावला.

“एक हुता चांगो,” तो म्हणाला. हां आली नाही. “त्यानं सावर तोडली. राखनदाराला मारला. कड्यावरनं ढकलला.” मग त्यानं मान वळवून विचारलं, “खरं का रं, पोसू?”

फलाटावर सगळी माणसं गप्प झाली. प्रत्येकाला पुढचे दोन शब्द ठाऊक होते, ते फक्त पोसूनं म्हणायचे होते. पोसूचं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही. चांगो नेहमीइतकं थांबला, मग त्याहून जास्त थांबला. मागचं इंजिन लागल्याचा धक्का डब्यांना बसला आणि गाडी हलली.

“आसूं दे,” चांगो म्हणाला. “आसूं दे रं.”

आठ दिवसांनी ठमी शाळेपाशी आली. ओट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली. तिनं विचारलं, की कागद तुमीच लिवलात ना? मी म्हटलं, मीच. मग तिनं विचारलं, की पोसू भावजी कोणत्या शब्दानं बोलले? मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, फौजदार विचारत होते आणि तो होय म्हणत होता.

“आमच्यात होय कुनी बोलतच नाय,” ती म्हणाली. “आसलं तर आमी हाय बोलतो. नसलं तर नाय बोलतो. त्ये हाय बोललं का?”

मी आठवून पाहिलं. म्हटलं, नाही. हां म्हणाला.

“हां मंजे ऐकतो, मास्तर,” ती म्हणाली. “मोठं मानूस बोलताना गप ऱ्हायलं तर अवमान व्हतो, म्हनून हां द्येत्यात. हां मंजे हाय नव्हं.”

एवढं बोलून ती गेली. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. मी ओट्यावर बसून राहिलो. दोन वर्षं मी वर्गात विचारत होतो, समजलं का रे? मुलं हां म्हणत होती, आणि दुसऱ्या दिवशी एकालाही येत नसलं की मी त्यांना लबाड म्हणून छड्या मारत होतो.

मी बोरघोळला गेलो. पोसू खळ्यावर बसला होता. मी त्याला म्हटलं, काय घडलं ते आता मला सांग, मी मध्ये बोलणार नाही. त्यानं सांगितलं, की आम्ही सावर तोडली, राखणदार आला, बोलाचाली झाली, त्यानं कुऱ्हाड हिसकून घेतली, आम्ही सावर तिथंच टाकून घरी आलो. निघताना मागं वळून पाहिलं तेव्हा राखणदार कड्याच्या टोकाला बसून चिलीम भरत होता. कुऱ्हाड त्याच्या मांडीवर होती.

“हे तू फौजदाराला का नाही सांगितलंस?”

“मला कुनी इचारलंच नाय,” पोसू म्हणाला. “त्यांनी सांगलं. मी ऐकलं. त्यांचं सांगून झालं का मंग इचारतील, खरं का रं. मंग मी बोलनार हुतो.”

मला चावडीतलं त्याचं ते अर्धवट उघडं तोंड आठवलं. आम्ही त्याच्या हातात बोरू दिला होता.

मी वरपर्यंत अर्ज केला. बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. अर्जात हां आणि हाय यांतला फरक मी दोन पानं समजावून लिहिला होता. उत्तर आलं, की साक्षीदारास जबानी वाचून दाखविली असून त्याने ती कबूल केली आहे, त्यावर त्याची निशाणी व अर्जदाराचीच सही आहे. दुसरा अर्ज केला, त्याचं उत्तरही आलं नाही.

त्यानंतर पोसूनं हां देणं टाकलं. ती माझ्यापुढं नाही, बायकोपुढं नाही, देवळातल्या कथेतही नाही. कुणी काही बोललं की तो म्हणे, “ऐकलं.” पाऊस येणार बघ. ऐकलं. तुझी गाय सुटली. ऐकलं. आणि काही विचारलं तर एका अक्षरात जबाब नाही, सगळं वाक्य बोले. जेवलास का म्हटलं तर म्हणे, “मी आज दुपारला भात जेवलो.” जणू कुणीतरी शेजारी बसून लिहून घेतंय. सुरुवातीला लोक कळवळले, मग वैतागले, मग चेष्टा करू लागले. जगाची रीतच ती. तो दिसला की पोरं ओरडत, ऐकलं आलं, ऐकलं आलं.

मुलीच्या सुपारीला लोधिवलीचे पाहुणे आले तेव्हा तर घात व्हायचाच बाकी होता. बोलणी झाली, गूळ वाटायचा राहिला. मुलाच्या चुलत्यानं रीतीप्रमाणं म्हटलं, की पोर आमच्या पदरात टाकली म्हणायची. पोसू म्हणाला, ऐकलं. चुलत्यानं पुन्हा तेच म्हटलं. पोसू पुन्हा म्हणाला, ऐकलं. पाहुण्यांनी पागोटी सावरली आणि उठले. आतून त्याची बायको रडत बाहेर आली. तेव्हा पोसू उभा राहिला आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाला, की मी पोसू, बोरघोळचा, माझी पोर पांगी मी माझ्या खुशीनं तुमच्या घरात देतो, आणि हे मीच बोलतो. पाहुणे चरकले, पण बसले. त्या चुलत्यानं नंतर मला सांगितलं, की सोयरीक जमवली खरी, पण वाटलं, आपण चावडीतच बसलोय.

बोरघोळची बतावणी बंद पडली. पहिल्या वर्षी दोन पोरांनी करून पाहिली. म्हशीचीच गोष्ट होती. हां देणाऱ्यानं पहिली हां दिली आणि अंगणातल्या बाया उठून आत गेल्या. पुन्हा कुणी त्या वाटेला गेलं नाही.

चांगोचं शेत पोसू नांगरी. कुणी सांगितलं नव्हतं. आधी त्याचं, मग आपलं. ठमी त्याला अडवत नसे आणि त्याच्याशी बोलतही नसे. तिला काही सांगायचं असलं तर ती बैलाला सांगे. बांधावर येऊन म्हणे, “ढवळ्या, वरल्या अंगाचा बांध फुटलाय रं.” पोसू बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, ऐकलं. मग जाऊन बांध घाली. एकदा मी वाटेनं जाताना हे पाहिलं. तिघं शेतात उभे होते आणि मधला तेवढा बोलत नव्हता. मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. अशी नऊ वर्षं गेली. ढवळ्या म्हातारा होऊन मेला, मग ती दुसऱ्या बैलाशी बोलू लागली.

मधल्या काळात एक नाटक मंडळी कर्जतला आली. स्टेशनाजवळ मांडव घातला होता. पोसूला जरा विरंगुळा होईल म्हणून मी त्याला घेऊन गेलो. माझा एक स्वार्थही होता, त्याच्यासाठी काही केलं की मला दोन दिवस बरं वाटे. राजा-राणीचा प्रवेश मोठा रंगला होता, लोक वाहवा करत होते. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, कसं वाटलं? तो माझ्या डाव्या बाजूला आला. मग म्हणाला, “ती दोघं एकमेकांना सांगत नवती, मास्तर. लोकांना सांगत हुती. राजा बोलतो तवा रानी तिची पाळी कदी येतेय त्येच बघत ऱ्हाते. त्यात ऐकनारा कोन हाय?” तेव्हापासून मी नाटकाला गेलो की गप्प असलेल्या पात्राकडंच बघतो. पोसूचं बहुतेक वेळा खरं ठरतं.

नवव्या वर्षी काळ्या पाण्यावरून चांगोचं पत्र आलं. कुणा लिहित्या कैद्याकडून लिहवून घेतलेलं, बाळबोध अक्षरात. ठमी ते पदराखाली धरून आली, आणि या वेळी ओट्यावर चढली. मी वाचायला सुरुवात केली. शेताचं विचारलं होतं, म्हशीचं विचारलं होतं. इथं पाऊस बारा महिने पडतो असं लिहिलं होतं. शेवटच्या चार ओळी पोसूसाठी होत्या. त्या मी मनात वाचल्या आणि थांबलो. म्हटलं, हे त्याच्यासमोरच वाचायला हवं.

ठमी उठली आणि तशीच बोरघोळला गेली. पोसू सांगत असे, की ती दारात येऊन उभी राहिली, त्यानं सवयीनं बैलाकडं पाहिलं, तर ती म्हणाली, “भावजी, तुमालाच बोलतेय. चला.” नऊ वर्षांनी.

पोसू आला आणि आपल्या जागी उभा राहिला. ठमी खांबाला टेकून बसली. मी वाचलं, “एक हुता चांगो.” लिहिणाऱ्या कैद्यानं ते बोलीतच लिहिलं होतं. माझ्यापेक्षा तो शहाणा. “त्यानं सावर तोडली. राखनदाराला मारला. कड्यावरनं ढकलला.” पोसूनं हां दिली नाही, ऐकलंही म्हटलं नाही. मी शेवटची ओळ वाचली. “खरं का रं, पोसू?”

तो थांबला. मला वाटलं, फलाटावरच्यासारखंच होणार. मग माझ्या कानाशी तो जुना, अंगणातला आवाज आला.

“समदं खोटं.”

ठमीनं पदर तोंडात कोंबला. पोसू पुढं येऊन माझ्यासमोर उभा राहिला, समोरासमोर, आणि म्हणाला, हे लिवा. मी पोष्टाचं कार्ड काढलं. लिहिताना हात सवयीनं ‘सर्व’कडं वळला होता, तो मी आवरला. समदं खोटं, एवढंच लिहिलं. त्यानं ते मला तीन वेळा वाचायला लावलं. मग बोरू मागून घेतला आणि खाली नांगर काढला. नऊ वर्षांत त्याचा हात कापरा झाला होता, रुमणं वाकडं आलं. कार्ड मी स्वतः स्टेशनावर जाऊन पोष्टात टाकलं.

पोसू दर बाजाराच्या दिवशी येऊन विचारू लागला, की पोचलं आसंल का? मी म्हणे, समुद्र ओलांडायचाय बाबा, वेळ लागेल. त्या दिवसांत तो थोडा सैल झाला होता. पांगीच्या पोराला खांद्यावर घेऊन यायचा.

दोन महिन्यांनी पाटील सरकारी याद घेऊन माझ्याकडं आला. इंग्रजी मजकूर, त्याला वाचता येत नव्हता. चांगो तापानं वारल्याची खबर होती. खाली तारीख होती. ती मी पुन्हा पुन्हा वाचली. मी ज्या दिवशी ठमीपुढं चांगोचं पत्र उघडलं, त्याच्या अकरा दिवस आधी तो गेला होता. कार्ड लिहिलं तेव्हा ते ज्याला लिहिलं तो या जगात नव्हता. पाटलानं गावात खबर दिली, ठमीनं कुंकू पुसलं, दिवस घातले. तारीख कुणी विचारली नाही. पाटलाला ती महत्त्वाची वाटली नाही, आणि मी बोललो नाही.

दिवस झाल्यावर पोसू आला. दुपार होती, शाळा सुटली होती. डोकं तासलेलं. तो ओट्याशी आला आणि या वेळीही समोर उभा राहिला.

“मास्तर, कार्ड पोचलं हुतं का?” त्यानं विचारलं. “त्यो जायच्या आदी?”

मी त्याच्याकडं पाहिलं नाही. पुढ्यातली वही सारखी केली.

“हां,” मी म्हटलं.

तो हलला नाही. मी मान वर केली तेव्हा तो माझ्या तोंडाकडं बघत होता. डोळ्यांत राग नव्हता. सगळ्या आयुष्यात त्यानं एकच विद्या मिळवली होती, आणि ती घेऊन तो माझ्यापुढं उभा होता.

“हां का हाय, मास्तर?”

शिपायानं ओढलेला पोसू मला आठवला, आणि माझ्या हाताखाली त्यानं जपून काढलेला तो नांगर. त्या वेळी कागदावर खोटं लिहिलं ते न कळता. आता कळून-सवरून बोलायचं होतं.

“हाय,” मी म्हटलं.

तो जरासा थांबला. अंगणात थांबत असे तितकाच.

“ऐकलं,” तो म्हणाला, आणि वळला.

त्या पावसाळ्यात माझी बदली झाली. पोसू मला पुन्हा दिसला नाही. शेवटचा दिसला तो त्या दुपारी, बोरघोळच्या वाटेनं जाताना. गाडीवाट चांगली रुंद होती आणि वाटेवर दुसरं कुणी नव्हतं. तो डाव्या कडेनं चालला होता, उजवीकडं एका माणसाची जागा सोडून.